मायदेशातली कसोटी मालिका: आखाडा मागू नका

प्रश्न असा आला आहे: ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोटींसाठी भारतात यायचा आहे, २०२४ मध्ये न्यूझीलंडने आणि २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपल्याला घरात येऊन हरवले, तरीही ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या चर्चांमध्ये ४-० नाहीतर ५-० हेच आकडे ऐकू येतात. अशा वेळी चाहत्याने कोणती अपेक्षा धरावी, आणि वानखेडेला सामना मिळालाच तर कोणत्या दिवसाचे तिकीट काढावे?

थोडक्यात सांगायचे तर मालिका आपण जिंकावी ही अपेक्षा रास्त आहे, ५-०ची अपेक्षा अवाजवी आहे, आणि पहिल्या तासापासून चेंडू हातभर वळवणारी खेळपट्टी, म्हणजेच आखाडा, मिळावी ही जी तिसरी अपेक्षा बहुतेकांच्या मनात न बोलता घर करून बसलेली असते, ती आपल्याच संघाला सर्वांत महागात पडते. मी मुंबईच्या मैदानांवर मुलांना फलंदाजी शिकवतो आणि त्याआधी बरीच वर्षे क्लब क्रिकेटमध्ये ऑफस्पिन टाकत होतो. आखाडा मिळाला की फिरकी गोलंदाज खूश होतो असा समज आहे; चांगला फिरकी गोलंदाज मात्र फारसा खूश होत नाही, आणि तो का होत नाही हे उमगले की बाकीचे उत्तर समजायला वेळ लागत नाही.

आधी ५-०च्या सवयीबद्दल. २०१२च्या अखेरीस इंग्लंडकडून हरल्यानंतर ऑक्टोबर २०२४पर्यंत भारताने मायदेशात एकही कसोटी मालिका गमावली नाही. सलग १८ मालिका जिंकल्या, त्यांत २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियावर मिळवलेला ४-० असा विजयही होता. शाळेत असताना क्रिकेट पाहू लागलेली एक अख्खी पिढी या काळात नोकरीला लागली आणि घरातला मालिका-पराभव तिने पाहिलाच नव्हता. त्या काळात रविचंद्रन अश्विन आणि रवींद्र जडेजा यांनी जे केले त्याला तोड नाही. पण दोघांनी बळी घेतले म्हणजे खेळपट्ट्या आखाड्यासारख्याच होत्या असा जो निष्कर्ष काढला जातो, तो सामन्यांची धावफलके उघडली की टिकत नाही. डिसेंबर २०१६चा वानखेडेवरचा सामना घ्या. इंग्लंडने पहिली फलंदाजी करून ४०० धावा केल्या होत्या. उत्तरादाखल विराट कोहलीने २३५, मुरली विजयने १३६ आणि नवव्या क्रमांकावर आलेल्या जयंत यादवने १०४ धावा केल्या, आपला डाव ६३१ पर्यंत गेला, अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले आणि पाचव्या दिवशी सकाळी आपण एक डाव आणि ३६ धावांनी जिंकलो. चारशे धावा काढूनही समोरचा संघ डावाने हरतो, हे फलंदाजीने मिळवून दिलेले यश होते. खेळपट्टी शेवटच्या दोन दिवसांत जास्त वळली, आणि तोवर सामना आपल्या हातात आलेला होता.

आता त्याच मैदानावरचे दुसरे सामने पाहू. नोव्हेंबर २०१२ मध्ये अहमदाबादची कसोटी जिंकून आपण मुंबईत आलो, लवकर वळणाऱ्या खेळपट्टीची इच्छा कर्णधाराने उघड बोलून दाखवली होती, नाणेफेकही आपण जिंकली, आणि इंग्लंडच्या मॉन्टी पनेसरने ११ व ग्रॅम स्वानने आठ असे मिळून आपले २० पैकी १९ गडी टिपले. केविन पीटरसनने १८६ आणि अ‍ॅलिस्टर कुकने १२२ धावा केल्या, सामना दहा गडी राखून गेला आणि पुढे मालिकाही २-१ अशी गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध विजयासाठी फक्त १४७ धावा हव्या होत्या. आपली अवस्था ५ बाद २९ झाली, ऋषभ पंतने ६४ धावांची खेळी करूनही डाव १२१ वर आटोपला आणि जन्माने मुंबईकर असलेल्या न्यूझीलंडच्या एजाज पटेलने सामन्यात ११ बळी घेतले. पंचवीस धावांनी सामना गेला, मालिका ३-० अशी गेली.

असे का घडते याचे कारण फिरकी गोलंदाजाच्या बोटांत आहे. चांगल्या खेळपट्टीवर बळी मिळवायचा तर चेंडूला उंची द्यावी लागते, हवेत तो किंचित बाहेर न्यावा लागतो, वेगात दोन-चार किलोमीटरचा फरक करून फलंदाजाला टप्प्याचा अंदाज चुकवायला लावावा लागतो, आणि हे सगळे षटकामागून षटक करावे लागते. जडेजा आणि एखादा बेताचा डावखुरा फिरकी गोलंदाज यांच्यातले अंतर तिथे स्पष्ट दिसते. आखाड्यावर ते अंतरच पुसले जाते. टप्पा एका जागी ठेवून चेंडू जरा जोरात सोडला की पुरे. एक हातभर वळतो, दुसरा त्याच टप्प्यावरून सरळ निघून पायचीत करतो, आणि कोणता काय करणार हे फलंदाजाला तर सोडाच, टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्याच्याकडे कौशल्य जास्त आहे त्यानेच अशी खेळपट्टी मागावी हे अजब आहे. २०१७ मध्ये पुण्याला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले, आपण १०५ आणि १०७ वर गारद झालो आणि ३३३ धावांनी हरलो. उरलेल्या तीन कसोटींत मिळून त्याच ओकीफला सात बळी मिळाले. २०२३ मध्ये इंदूरला मॅथ्यू कुह्नेमनने १६ धावांत पाच बळी घेऊन आपल्याला १०९ वर रोखले, दुसऱ्या डावात नेथन लायनने ६४ धावांत आठ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने नऊ गडी राखून सामना जिंकला. दोन्ही वेळा मालिका आपण २-१ अशी जिंकली, पण हरलेला सामना आखाड्यावरचा होता.

शिवाय अशा सामन्यांत धावा कमी होत असल्यामुळे योगायोगाचे वजन वाढते. सुटलेला एक झेल, शेपटाने, म्हणजे तळाच्या गोलंदाजांनी, जोडलेल्या तीसेक धावा किंवा एखाद्या फलंदाजाची दुखापत एवढ्यावर निकाल फिरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सवर हेच झाले. आपण चार फिरकी गोलंदाज खेळवले. दक्षिण आफ्रिकेच्या १५९ आणि १५३ धावा, आपल्या पहिल्या डावात १८९. म्हणजे विजयासाठी १२४ हव्या होत्या आणि मानेच्या दुखण्यामुळे कर्णधार शुभमन गिल फलंदाजीला येऊ शकणार नव्हता. डाव ९३ वर संपला. सायमन हार्मरने सामन्यात आठ बळी घेतले. सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी खेळपट्टी आम्हाला हवी होती तशीच होती असे सांगितले, आणि मला वाटते की हरल्यावर खेळपट्टीच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा हे प्रामाणिक होते, मात्र त्या प्रामाणिकपणामुळे निर्णय बरोबर ठरत नाही.

त्या सामन्यात अर्धशतक एकच झाले, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार टेम्बा बव्हुमाच्या नाबाद ५५ धावांचे. चाहत्यांनी ती खेळी पुन्हा पाहावी असे मी सुचवीन, आणि पाहताना चेंडूकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहावे. बचाव करताना बॅट पॅडच्या पुढे, पण हात शरीराजवळ आणि पकड सैल. चेंडू बॅटला लागून पायाशीच पडतो, सिली पॉइंटपर्यंत, म्हणजे बॅटजवळ उभ्या क्षेत्ररक्षकापर्यंत, उडत नाही. टप्पा थोडा आखूड पडला की तो मागे जातो आणि वळण पूर्ण होऊ देऊन उशिरा खेळतो. मी नेटमध्ये मुलांना हेच घोटवून घेतो: सरावाच्या शेवटी खेळपट्टीवर चांगल्या टप्प्याची जागा स्पाइक्सने उकरून ठेवायची, डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला तिथेच टाकायला सांगायचे आणि फलंदाजापुढे हातभर अंतरावर एक रुमाल टाकायचा, बचाव केलेला चेंडू रुमालाच्या पुढे उडत गेला तर फलंदाज झेलबाद समजायचा. चौदा-पंधरा वर्षांची, शालेय स्पर्धांत शतके ठोकणारी मुले पहिल्या दिवशी या रुमालापुढे षटकभरही टिकत नाहीत, कारण त्यांचा पुढचा पाय आधीच ठरल्यासारखा पडतो आणि हात चेंडूला शोधत पुढे धावतात.

मुंबईच्या फलंदाजीबद्दल अभिमानाने बोलणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. आपली जी परंपरा म्हणतात ती ओल्या, उघड्या खेळपट्ट्यांवर घडली. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये आझाद मैदानापासून शिवाजी पार्कपर्यंत गवत वाढलेले, माती भिजलेली, चेंडू कधी घोट्याशी तर कधी बरगडीशी. तिथे तीस धावा काढणाऱ्याला लोक नावाने ओळखत. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेऊनही भारताकडून एकही कसोटी न खेळलेले पद्माकर शिवलकर यांच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज ज्या शहराच्या नेटमध्ये दररोज गोलंदाजी करत होता, तिथला फलंदाज फिरकीला घाबरणे शक्यच नव्हते. आज मुलांचा बराचसा सराव मॅटवर किंवा टर्फसारख्या कृत्रिम पृष्ठभागावर होतो, समोर प्रशिक्षक साइडआर्मने (चेंडू फेकायच्या लांब दांड्याने) ताशी १३० किलोमीटरचे चेंडू फेकतो, आणि वेगवान गोलंदाजी खेळण्यात ही मुले आमच्या पिढीपेक्षा निःसंशय सरस झाली आहेत. त्याची किंमत मात्र फिरकीच्या खात्यातून वसूल झाली आहे, आणि हे मुंबईपुरते नाही.

म्हणूनच खेळपट्टी सपाट केली की सगळे आलबेल होईल असेही कोणी समजू नये. कोलकात्यानंतर गुवाहाटीची खेळपट्टी चांगली होती. दक्षिण आफ्रिकेने ४८९ धावा केल्या, त्यांचा सेनुरन मुथुसामी सातव्या क्रमांकावर येऊन शतक करून गेला, आणि आपण २०१ व १४० धावांत बाद होऊन ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात भारताचा हा सर्वांत मोठा कसोटी पराभव. यात मार्को यान्सेनच्या आखूड चेंडूंचा वाटा होता, हार्मरच्या फिरकीचा होता, आणि आपल्या फलंदाजांना कमी पडलेल्या धीराचाही होता. मे २०२५ मध्ये रोहित शर्मा व विराट कोहली कसोटीतून निवृत्त झाले, त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये अश्विन. एवढा मोठा बदल झालेल्या संघाकडून २०१६ सारखे निकाल लगेच मागणे अन्यायाचे आहे. त्याच संघाने २०२५च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली, गिलने ७५४ धावा केल्या आणि ओव्हलवर मोहम्मद सिराजने सहा धावांनी विजय खेचून आणला, हेही विसरू नये. चांगल्या खेळपट्टीवर हा संघ शिकतो आहे. आखाड्यावर फलंदाजाला शिकण्याइतका वेळच मिळत नाही.

संघ व्यवस्थापनाला आखाड्याचा मोह पडतो त्याला एक व्यवहारी कारणही आहे, ते चाहत्यांना सहसा सांगितले जात नाही. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत विजयाला १२ गुण, टाय झाल्यास सहा आणि अनिर्णित सामन्याला चार गुण मिळतात, आणि क्रमवारी एकूण गुणांवर न ठरता मिळालेल्या गुणांच्या टक्केवारीवर ठरते. अनिर्णित सामना म्हणजे ३३.३३ टक्के. २०२३-२५च्या चक्रात अव्वल राहिलेल्या दक्षिण आफ्रिकेची टक्केवारी ६९.४४ होती आणि भारत ५० टक्क्यांवर थांबून अंतिम सामन्याला मुकला. तेव्हा घरातला अनिर्णित सामना कर्णधाराला नुकसानीसारखा वाटतो आणि क्युरेटरकडे, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याकडे, निकाल लावणारी खेळपट्टी मागितली जाते. हिशेब चुकीचा नाही. पण हरलेल्या सामन्याचे शून्य टक्के होतात ही त्याची दुसरी बाजू आहे.

मालिकेच्या लांबीचाही विचार करावा, कारण पाच कसोटींची मालिका ही या वेळी आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मायदेशात पहिला सामना हरणे आपल्याला नवीन नाही. २००१ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाने तीन दिवसांत दहा गडी राखून हरवले, मग ईडनवर फॉलोऑननंतर व्ही. व्ही. एस. लक्ष्मणच्या २८१ आणि राहुल द्रविडच्या १८० धावा आल्या आणि मालिका २-१ अशी आपली झाली. २०१७ मध्ये पुण्यात हरूनही मालिका जिंकली. २०२१ मध्ये चेन्नईत जो रूटच्या २१८ धावांनी आपल्याला २२७ धावांनी हरवले, मालिका ३-१ अशी आपण जिंकली. २०२४ मध्ये हैदराबादला पहिल्या डावात १९० धावांची आघाडी घेऊनही, ऑली पोपच्या १९६ धावा आणि टॉम हार्टलीच्या सात बळींमुळे आपण २८ धावांनी हरलो, आणि पुढचे चारही सामने जिंकले. त्या मालिकेत यशस्वी जयस्वालने ७१२ धावा केल्या. सावरायला वेळ मिळाला की ज्याच्याकडे चांगले खेळाडू जास्त आहेत तो संघ वर येतो. न्यूझीलंडविरुद्ध तीन आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोनच कसोटी होत्या, तिथे तो वेळ मिळाला नाही. पहिली कसोटी हरल्यावर त्याच संध्याकाळी कर्णधार बदला, प्रशिक्षक बदला, अमक्याला काढा आणि आपल्या मुंबईच्या तमक्याला घ्या असा जो गजर सुरू होतो, त्याला या मालिकेत तरी आवर घालावा. (हा गजर जुनाच आहे. १९७१च्या अजित वाडेकरांच्या संघाच्या विजयांसाठी इंदूरला काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव आटोपला, मालिका ३-० अशी गेली आणि लोकांनी तीच बॅट विद्रूप केली. वाडेकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत.)

माझी स्वतःची अपेक्षा विचाराल तर २-१ किंवा ३-१ असा भारताचा विजय, एक-दोन सामने अनिर्णित राहिले तरी हरकत नाही, आणि एक हरू असे गृहीत धरूनच मी बसेन. पण मालिका कोणाकडे चालली आहे हे ओळखायला मी सामन्यांचे निकाल पाहणार नाही. आपला पहिला डाव किती षटके चालतो ते पाहीन. एकशे दहा-वीस षटके फलंदाजी करून साडेतीनशे-चारशे धावा झाल्या की भारतात पाहुण्या संघाला सामना जिंकणे फार अवघड जाते, कारण मग शेवटच्या डावातली भेगाळलेली खेळपट्टी त्यांच्या वाट्याला येते आणि आपल्या फिरकी गोलंदाजांना धावांची चिंता न करता क्षेत्ररक्षक जवळ लावता येतात. याउलट आपला डाव सत्तर षटकांत आटोपू लागला, तर गोलंदाजांनी एखादा सामना जिंकून दिला तरी मी निश्चिंत होणार नाही. नाणेफेकीवर फार चर्चा होते. चांगल्या खेळपट्टीवर ती हरूनही सामना जिंकता येतो, हे वर सांगितलेल्या २०१६च्या सामन्याने दाखवलेच आहे.

तिकिटाबद्दल. वानखेडेवर २०२४चा सामना तिसऱ्या दिवशी, २०१२ आणि २०२१चे चौथ्या दिवशी सकाळी आणि २०१६चा पाचव्या दिवशी सकाळी संपला, तेव्हा एकाच दिवसाचे परवडत असेल तर चौथ्या-पाचव्याच्या भरवशावर राहू नका. पहिल्या दिवसाचा पहिला तास पाहण्यासारखा असतो, समुद्रावरच्या हवेत नवा चेंडू इथे हलतो आणि लाल मातीवर उसळीही मिळते. पण फिरकी विरुद्ध फलंदाज हा सामना पाहायचा असेल तर दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढा, दोन्ही संघांची फलंदाजी पाहायला मिळण्याची शक्यता त्या दिवशी सर्वाधिक असते. बाजूच्या स्टँडमधून चेंडू किती वळला ते कळत नाही, तिथून फक्त उंची दिसते. साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागच्या पडद्याच्या) वरच्या रांगांत जागा मिळाली तर ती घ्यावी, मागच्या असल्या तरी चालतील. चर्चगेटहून चालत यायला फार वेळ लागत नाही, तपासणीच्या रांगेला लागतो, म्हणून पहिल्या चेंडूच्या तासभर आधी गेटपाशी असावे.